रत्नाबाईंच्या वतीनं कोण बोलणार?

सोयरीक जमवायची असो की भावाभावांत बांधाचा वाद असो, पुण्याजवळच्या आमच्या सूस गावात तात्यांना, म्हणजे कोंडिबांना, नेल्याशिवाय बैठक बसत नाही. इथली रीतच अशी आहे, की ज्याचं काम त्यानं बोलायचं नाही. मुलीचा बाप गप्प बसतो आणि त्याच्या वतीनं दुसरा बोलतो. आपल्या कामात माणूस एक तर तापतो, नाहीतर नको इतका नमतो, असं तात्या सांगतात.

मी मूळची परभणीची, नोकरीसाठी इथे आले आणि तात्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. एरवी सकाळपासून तळहातावर चुना-तंबाखू मळणारा हा माणूस बैठकीच्या दिवशी डबीला हात लावत नाही. मी एकदा कारण विचारलं. "दुसऱ्याचं बोलायचं तर तोंड रिकामं पायजे, मेधा," ते म्हणाले. या सगळ्याचं घेतात काय, तर चहा. फार झालं तर टोपी-नारळ.

अशा माणसाच्या घरातच बैठक बसायची वेळ आली. जमीन इमारतींच्या सोसायटीसाठी विकली गेली तेव्हा त्यांच्या बायकोच्या, रत्नाबाईंच्या, नावावर सहा लाख आले होते. बँकेतला मनीष नावाचा गोड बोलणारा पोरगा घरी आला, चहा प्याला आणि "एकदाच भरा, पाच वर्षांनी काढा" म्हणून सह्या घेऊन गेला. वर्षानं फोन आला, दुसरा हप्ता भरा. ती ठेव नव्हतीच, दरसाल सहा लाख भरायचा विमा होता. भरले नाहीत तर पहिल्यातलंही फारसं हाती लागणार नव्हतं. रत्नाकाकींची मुलगी रेश्मा आपल्या लेकीला घेऊन कायमची माहेरी आलेली. त्या पैशांतून तिला मागच्या अंगाला दोन खोल्या बांधून द्यायच्या होत्या. सध्या मायलेकी स्वयंपाकघरात झोपत होत्या.

तात्यांनी रीतीप्रमाणे बोलणारा माणूस शोधला. बावधनला पियूष म्हणून एकजण अशी प्रकरणं घेतो. मिळतील त्यातला चौथा हिस्सा त्याचा. मीही म्हटलं, देऊन टाका, हेलपाटे कोण घालणार? तो घरी आला आणि तयार करून आणलेला अर्ज त्यानं वाचून दाखवला. अर्जदार वयस्कर, अडाणी शेतकरी बाई, तिला व्यवहारातलं काही समजत नाही, वगैरे. हे लिहिलं की काम लवकर होतं, असंही तो म्हणाला.

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "मला समजलं न्हाई असं कुटं झालं? त्यानं सांगितलं ते सगळं समजलं. त्यानं सांगितलं तेच खोटं व्हतं!"

पियूष हसला. "आजी, हे फक्त कागदावर असतं हो."

तात्या हसले नाहीत. "दादा, मी तीस वर्सं दुसऱ्याचं बोलतोय. पर ज्याचं बोलायचं त्याचंच नाक कापून कधी बोललो न्हाई. चहा घ्या आन् या." मला तेव्हा त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पियूषनं चहा घेतला नाही.

मग अर्ज आम्हीच केला. काकी सांगायच्या, मी टाइप करायचे, तात्या मध्येच दुरुस्त्या सुचवायचे आणि काकी त्या उडवून लावायच्या. सही तुमचीच आहे, असं कळवून विमा कंपनीनं हात वर केले. पुढे आम्ही विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे गेलो. तिथे फी नव्हती आणि वकील चालत नव्हता. ज्याची तक्रार, त्यानंच बोलायचं. हे वाचून दाखवलं तशी तात्यांची झोप उडाली. जन्मभर पाळलेली रीत तिथे उलटी होती. आठवडाभर ते काकींना "असं म्हण, तसं म्हणू नको" असं पढवत होते आणि काकी भाकऱ्या थापत "व्हय, व्हय" करत होत्या.

सुनावणी माझ्या लॅपटॉपवर होती. काकी नवं लुगडं नेसून समोर बसल्या. शेजारी तात्या. सुरू व्हायच्या जरा आधी तात्यांनी डबी काढली, चिमूटभर तंबाखू मळली आणि सरळ तोंडात टाकली. मी बघतच राहिले.

कंपनीचा माणूस म्हणाला, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. लोकपालसाहेबांनी मग काकींना विचारलं. काकींचा आवाज आधी कापला. तात्यांचा हात गुडघ्यावर घट्ट आवळला गेला, पण ते हलले नाहीत.

"साहेब, मी त्याला दोनदा इचारलं, दरसाल तर भरायचं न्हाई ना? न्हाई म्हणला. लेकीच्या खोल्या बांधायच्यात, हेबी सांगितलं. जमीन एकदाच इकली आमी. दरसाल सहा लाख कुटून आणायचे? माणूस बँकेतनं आला म्हणून भरवसा ठेवला. त्येला अडाणीपणा म्हणायचं आसंल तर म्हणा."

या घराचं उत्पन्न किती, हे विमा देताना पाहिलं होतं का, असं साहेबांनी कंपनीच्या माणसाला विचारलं. तो कागद चाळत राहिला. मग साहेब म्हणाले, "शेजारी यजमान आहेत ना? त्यांना काही सांगायचंय?"

साऱ्या तालुक्यात ज्यांच्या शब्दावर लग्नं ठरतात त्या तात्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

पैसे परत द्यायचा निकाल आला तेव्हा मागच्या अंगाला रेश्मा दोरी लावून खोल्यांची मापं घेत होती. काकींनी मला पेढा दिला आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"त्या दिशी तंबाखू का वो खाल्ली?"

"तुजा आवाज कापला की मी बोललो आसतो," तात्या म्हणाले. "आन् मंग ते तुजं ऱ्हायलं नसतं."