कळवतो

अंगदराव घाटनांदूरचे. अंबाजोगाईला अर्थशास्त्र शिकले, दिल्लीत सरकारी नोकरीला लागले, अर्थखात्यात बरीच वर्षं काढली आणि पुढे परदेशातल्या वकिलातींत व्यापाराच्या वाटाघाटी करत राहिले. एका करारात 'देईल'च्या जागी आपण 'देऊ शकेल' बसवलं, हे ते अजून कौतुकाने सांगत. निवृत्तीनंतर ते थोरल्या भावाकडे, भारतकडे, गावीच राहायला आले.

पुतणी संस्कृतीला बघायला कड्याहून रामहरी आणि त्यांचा मुलगा रामेश्वर आले, तेव्हा थोरले भाऊ म्हणाले, "बोलणी तूच कर. जन्मभर तेच केलंस."

संस्कृती आणि रामेश्वर कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होते. होकार द्यायचा हे घरात ठरलेलंच होतं. वनमालावहिनींनी पुरण वाटून ठेवलं होतं.

चहा झाल्यावर रामहरींनी विचारलं, "मग काय समजायचं आमी?"

अंगदराव सवयीने म्हणाले, "कळवतो."

रामहरींनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. रामेश्वर मान खाली घालून मागोमाग गेला.

"भाऊजी, तुमी न्हाई म्हणलात," वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मी फक्त वेळ मागितला."

"नकार द्यायचा असला की आपल्याकडं कळवतोच म्हणतेत. विसरलात व्हय?"

संस्कृती फोन कानाला लावून उभी होती. रामेश्वर उचलत नव्हता. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "एकच शब्द बोलायचा होता तुमाला."

"येतानाच त्यांच्या जीपचं चाक पंक्चर झालतं," वहिनी म्हणाल्या. "पंक्चरवाल्या दस्तगीरकडं असतील अजून. जावा."

दस्तगीर चाक बसवत होता. रामहरी बाकड्यावर पाठ फिरवून बसले होते.

"पाहुणे, माझ्या बोलण्याचा गैरअर्थ निघाला," अंगदरावांनी सुरुवात केली. "आमची भूमिका मुळात अनुकूल..."

"साहेब, हो का न्हाई?"

नोकरीत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"हो. पोरगी आमी दिली."

"मग मघाशी कावून कळवतो म्हणलात?"

"लई दिवस बाहेर होतो."

दस्तगीर चाकामागून हसला. रामेश्वरने खिशातून फोन काढला. रामहरी उठले. "चला. मघाशी वास आलता, वहिनीबाईंचं पुरण वाया जाईल."

पंगतीत वहिनींनी विचारलं, "भाऊजी, अजून एक पोळी?"

"बघू," म्हणता म्हणता अंगदरावांनी ताट पुढे केलं. "वाढा."