पंखा बंद पडून राहिलता

काझीसाहेबांची माझी पहिली भेट बोलणी खाण्यातच गेली. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वणव्यावर पाणी टाकायला आणलेले छोटे विमान शेतात कोसळून वैमानिक ठार झाला होता. मी कोकणातला, चौकशी पथकात नवा. साक्षीदार बाईंवर प्रश्नांची सरबत्ती करत होतो. साहेब म्हणाले, "तुमीच बोलून राहिले, मंग बाई कवा बोलन?" अचलपूरचे आमचे साहेब अहवाल इंग्रजीत लिहितात आणि रागावतात मात्र वऱ्हाडीत, हे मला त्या दिवशी कळले.

त्या बाई म्हणजे कमलाबाई. विमान पडले ते त्यांच्या शेजारच्या वावरात. "पंखा बंद पडून राहिलता," एवढेच त्या विमानाबद्दल म्हणाल्या. आमचे लेखनिक शुद्ध भाषेचे भारी अभिमानी. त्यांनी लिहिले, 'पंखा बंद पडलेला होता.' झाले! वरिष्ठांनी निष्कर्ष काढला, वैमानिकाने इंधन संपेपर्यंत विमान उडवले. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या गावागावांतून शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या येत होत्या. आणखी एका मरणाचा कीस काढायला कोणाला सवड नव्हती.

पण वैमानिकाच्या पत्नी, चांदूर रेल्वे गावच्या सुनंदाताई, यांनी साहेबांना एकच विचारले होते, "त्यायची चूक होती का, एवढं सांगा." लोकांच्या कुजबुजीने त्यांनी शाळेत शिकवायला जाणेही सोडले होते.

साहेबांनी लेखनिकाचा तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "सही करून टाका," असा वरून निरोप होता. साहेब उसळले, "मेलेला मानूस सांगाले येत नाही, म्हनून त्याच्या नावावर कायबी लिहाचं काय?"

आम्ही पुन्हा कमलाबाईंकडे गेलो. साहेबांनी विचारले, "बाई, पंखा बंद होता, का बंद पडून राहिलता?"

"पडून राहिलता म्हनलं ना मी! अडखळे, पुन्हा घुमे. बंदच असता तर आवाज कायचा आला असता, साहेब?"

म्हणजे वऱ्हाडीतले 'बंद पडून राहिलता' हे 'बंद पडत होता' असे होते; पंखा अजून फिरत होता, टाकीत इंधन होते. त्यातच काहीतरी खोट होती. साहेबांनी धावपट्टीवरची इंधनाची पिंपे उघडायला लावली. तळाशी पाणी निघाले. ठेकेदाराने पिंपांची झाकणे सैल ठेवून ती उघड्यावर टाकली होती. वैमानिक निर्दोष ठरला.

हे सांगायला साहेब एस.टी.ने स्वतः चांदूरला गेले. सुनंदाताई खूप रडल्या आणि त्याच आठवड्यात शाळेत रुजू झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे साक्ष साक्षीदाराच्याच बोलीत लिहिली जाते. आता नव्या मुलांना साहेबांइतकेच ओरडून ते शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि मला ते मनापासून आवडते.

साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शुभेच्छांचे चार चांगले शब्द शोधत बसलो होतो, तेवढ्यात सुनंदाताईंचा फोन आला. त्यांच्यापुढे माझे शब्द फिके आहेत, म्हणून त्यांचेच देतो: "साहेबाले म्हना, आमच्या यायचं जे आयुष्य जगाचं राहून गेलं, ते सारं तुमाले लागो."