कंपासपेटीतले चार

डबीतून एक लूर काढायला जावं, तर त्याच्या गळात अडकून आणखी तीन वर येतात. आमच्या किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगायला घेतला की मागचे तीन लोंबकळत येतात आणि ऐकणारा घड्याळ बघायला लागतो.

माझं सेलूला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आठवड्यातून एखादा तरी नवा पोरगा येतो आणि विचारतो, "भाऊ, सुरुवातीले कोन्ते पाच लूर घेऊ?" लूर म्हणजे खोटं आमिष. प्लास्टिकचा बेडूक, पत्र्याचा मासा, रबराचा किडा, असलं काहीतरी. मी त्याला पाच नावं सांगतो. मग त्याची नजर माझ्या कंपासपेटीकडे जाते. "तुमच्याजवळ तं चारच हायेत. अन् बेंडूकच नाई?"

त्याचं उत्तर शेवटी. आधी लोंबकळणारे.

* * *

सुरुवात विलासनं केली. विलास हिंगणीकडचा, वांगी-सांभारवाला, म्हणजे वांगी-कोथिंबीर पिकवणारा. दिवसभर वाफ्यात वाकायचं आणि संध्याकाळी मोबाइलवर अमेरिकेतल्या तलावांवरचे व्हिडिओ बघायचे. तिकडे बास नावाचा मासा असतो. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे. तोही तसाच, दबा धरून बसणारा आणि एकदम तुटून पडणारा. विलासनं डोक्यात घेतलं की तिकडचं सगळं इकडे चालणार.

आम्ही चौघं होतो. विलास, मी, कारंजा घाडग्याजवळ ढाबा चालवणारा मुन्ना आणि हिंगणघाटचे सर, भूगोलाचे, रिटायर झालेले. एकच पार्सल मागवून चौघांनी वाटून घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसेक लूर आले. त्यातला हिरव्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा बेडूक चौघांकडे अगदी सारखा होता.

तलावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी पाळीवर, म्हणजे बांधावर, गाड्या लागतील. तो गणपतकाकांच्या मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात आहे. उन्हाळ्या-हिवाळ्यात मासे, पावसाळ्यात शिंगाड्याची लागवड, दसऱ्यानंतर तोडणी.

पहिल्या रविवारी आम्ही पाळीवर पेट्या उघडून बसलो. सरांच्या पेटीतल्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी होती. आम्ही चार तास फेकत होतो आणि एकही मासा लागला नाही. पलीकडे गणपतकाका बांबूच्या काठीला जिवंत बेडूक लावून बसले होते. त्यांनी दोन मरळ काढले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि घरी जाताना आमच्याजवळ थांबले. बराच वेळ पेट्या बघितल्या.

"दुकान कवा उघडते?" त्यांनी विचारलं.

* * *

दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो वगळला तर पुढचं कळायचं नाही.

शिंगाडा तोडायला बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, अनवाणी. खाली गाळ, वर वेल, पाय कुठे पडतो ते दिसत नाही. त्या हिवाळ्यात गणपतकाकांच्या घरच्या, सिंधूकाकूंच्या पायात तीन तोंडांचा गळ घुसला. टाचेच्या वर, शिरेजवळ. दवाखान्यात कापून काढावा लागला. जखम चिघळली. दोन महिने त्या खाटेवर होत्या. आजही त्या पाऊल थोडं बाहेर टाकून चालतात.

गळ काढल्यानंतरच्या रविवारी काकांनी तो लूर आणून पाळीवरच्या दगडावर ठेवला. चंदेरी मासोळी होती, गळ कापलेला. "कोनाचा हाय?"

आम्ही चौघांनी आपापल्या पेट्या उघडल्या. तसल्या मासोळ्या प्रत्येकाकडे दोन-तीन होत्या. मूळच्या किती होत्या ते कुणालाच सांगता येईना. मी तर मनापासून शोधत होतो आणि मला खरंच माहीत नव्हतं. चाळीस असले की एक गेलेला कळतच नाही. त्या दिवशी मला माझीच पेटी बघवेना.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ज्याले आपलं काय हरवलं ते मालूम नाई, त्यानं पान्याजवळ येऊ नाई."

सहा महिने आम्ही गेलो नाही. मग सर एकटे जाऊन त्यांच्याशी बोलले आणि नियम घेऊन आले. माणशी पाच लूर. येताना पाच मोजायचे, जाताना पाच मोजायचे. एक जरी कमी भरला तर पाण्यात उतरून शोधायचा. नाही सापडला तर चौघांनाही तलाव बंद, कायमचा.

सरांनी चार पत्र्याच्या कंपासपेट्या आणल्या, शाळेतल्या पोरांच्या असतात त्या.

* * *

चाळिसातून पाच निवडणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. मुन्नाच्या ढाब्यावर तीन रविवार वाद चालला. ट्रकवाले जेवून गेले, दुसरे आले, आम्ही तिथेच. बेडूक नक्की, यावर एकमत झालं, कारण मरळ वेलींच्या आडोशाला असतो आणि वेलींवरून न अडकता जाणारा तेवढा एकच. मग गढूळ पाण्यासाठी फिरत्या पात्याचा स्पिनर. लांब फेकायला पत्र्याचा चमचा. पाण्यावर डबडब आवाज करणारा पॉपर. इथपर्यंत चार झाले आणि पाचव्यावर भांडणं लागली.

विलासनं रबरी मासा घेतला. मुन्नानं दुसरा पॉपर घेतला, कारण पहिल्याचा रंग त्याच्या बायकोला आवडला नव्हता. मी विलासची नक्कल केली. सरांनी मात्र एक जांभळा रबरी किडा उचलला. त्यावर त्यांना आजतागायत एकही मासा लागलेला नव्हता.

मुन्ना म्हणाला, "सर, हा काऊन?"

"चार कामाचे घेतले," सर म्हणाले. "एक आशेचा असू दे."

माझी चेष्टा वेगळ्या कारणासाठी झाली. मी लूर दोऱ्याला बांधतो तेव्हा तांब्याची तार गुंडाळावी तशी सात वेढ्यांची गाठ मारतो. हाताची सवय. गणपतकाकांनी पहिल्याच मोजणीला ती गाठ बोटानं दाबून बघितली. "पान्यात टाकून राह्यला का मोटारीत?" तेव्हापासून माझी गाठ सगळ्या तलावाला ठाऊक आहे.

* * *

नियमाची खरी परीक्षा सरांनी दिली.

त्यांचा चमचा तळाच्या खुंटाला अडकला. ओढला, ढिला सोडला, बाजूला जाऊन ओढला, पण येईना. दोरा तुटला तर चमचा तिथेच राहणार. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. एका हातात ताणलेला दोरा, तोच धरून पुढे चालले. पाणी कमरेला, छातीला, गळ्याला लागलं. मुन्ना काठावरून "सर, बस, सर, बस" करत होता. माझ्या हातातला चष्मा घामानं ओला झाला. मग सर दिसेनासे झाले.

किती वेळ ते सांगता येणार नाही. विलास शर्ट काढत होता तेवढ्यात डोकं वर आलं आणि पाठोपाठ चमचा धरलेली मूठ.

गणपतकाका डोंग्यातून घाईघाईनं वल्हवत आले होते. त्यांनी सरांना डोंग्याच्या काठाला धरून बाहेर आणलं. सर बसले, खोकले, पाणी ओकले.

"मास्तर, पोहता येते का तुमाले?"

"नाही."

"मंग काऊन गेले?"

"मोजणी होती," सर म्हणाले.

* * *

एकदा विलासचा पॉपर हरवला. फेकला होता हे नक्की, परत आलेला त्याला आठवत नव्हता. आम्ही दुपारभर चिखल चिवडला. चौघं एका रांगेत, पाय घासत, एक एक पाऊल. विलास तर रडायला आला होता, कारण या तलावाशिवाय त्याचा रविवार म्हणजे नुसता वाफ्यातला आणखी एक दिवस. मुन्ना त्याला शिव्या देत होता आणि शोधतही होता. उन्हं उतरायला लागली. तलाव गेला, असं प्रत्येकानं मनाशी मान्य केलं होतं.

सिंधूकाकू टोपली घेऊन पाळीवरून चालल्या होत्या. त्या थांबल्या, विलासकडे बघितलं आणि त्याच्या मागे जाऊन शर्टच्या पाठीवर लटकलेला पॉपर काढून त्याच्या हातात दिला. फेकताना मागे अडकला होता.

मुन्ना हसला. मीही हसलो. काकू हसल्या नाहीत.

"माह्या पायातला तुमाले दिसला नाई," त्या म्हणाल्या, "पाठीवरचा काय दिसते."

* * *

आता माझा.

गेल्या दसऱ्यानंतरचा रविवार. दुसऱ्या दिवसापासून तोडणी सुरू होणार होती. म्हणजे सोमवारी सकाळी बायका पाण्यात आणि तोडणी संपेपर्यंत आम्ही बाहेर. शेवटचा दिवस म्हणून माणूस जरा हावरट होतो. दिवस कलला होता. मी शिंगाड्याच्या अगदी कडेला बेडूक टाकला आणि हळूहळू वेलींवरून ओढायला लागलो.

पाणी फुटलं. एवढा मोठा मरळ मी त्या तलावात बघितला नव्हता. रॉड वाकला, मासा वेलींच्या खाली शिरला आणि दोन-तीनदा गुंडाळला गेला. मी ओढायला नको होतं. ओढलं आणि दोरा तुटला.

विलास माझ्या शेजारी होता. त्यानं बघितलं. मुन्ना आणि सर लांब होते.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. हातानं वेली चाचपल्या, पायानं गाळ. काही लागेना. बेडूक माशाच्या तोंडात असेल नाहीतर वेलीत. कुठेही असला तरी त्याचे दोन गळ त्याच्याबरोबर होते आणि उद्या सकाळी तिथेच बारा बायका उतरणार होत्या. हे मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गणपतकाकांचा डोंगा तिकडच्या वेलींमधून वळून पाळीला लागला. मोजणीची वेळ झाली होती.

विलास हळूच म्हणाला, "पयले माह्यी मोजनी होते. झाली का माह्या बेंडूक तुले देतो. तू चूप राह्य."

मी नाही म्हणालो नाही. डोक्यात सर होते, गळ्याएवढ्या पाण्यातले. मुन्ना होता. माझ्यामुळे सगळ्यांचा तलाव जाणार होता, असं मी स्वतःला सांगत होतो.

काका दगडावर बसले. विलासची पेटी उघडली, एकेका लूरवर बोट ठेवलं. पाच. मग मुन्नाची. पाच. सरांची मोजणी चालू असताना विलास माझ्या मागे सरकला आणि माझ्या मुठीत बेडूक आला. मी तो पेटीत टाकला. पत्र्याची पेटी वाजली. वर बघितलं तर सर माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नजर वळवली.

मग माझी पाळी. काकांनी स्पिनरवर बोट ठेवलं, चमच्यावर, पॉपरवर, रबरी माशावर. बेडकावर त्यांचं बोट थोडं रेंगाळलं. पेटीतलं बाकी सगळं ओलं होतं. विलासनं त्या दिवशी बेडूक पाण्यात टाकलाच नव्हता.

"पाच," काका म्हणाले.

मी पेटी घ्यायला हात पुढे केला.

सिंधूकाकू थोड्या अंतरावर उद्यासाठीच्या टोपल्या एकात एक घालत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "झाली का मोजनी? उद्या उतराचं ना मंग?"

काका माझ्याकडे बघत होते, माझी पेटी अजून त्यांच्या मांडीवर उघडीच होती.

"रवी, तूच सांग," ते म्हणाले. "उतरू देऊ का बायकाइले?"

सांगायला लाज वाटते, पण मी हो म्हणालो.

काकांनी मान हलवली. बंडीच्या खिशात हात घातला आणि मुठीतलं माझ्या पेटीत सोडलं. हिरव्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा बेडूक. ओला. पोटावर दातांच्या खुणा, नाकाशी बोटभर दोरा आणि सात वेढ्यांची गाठ. माशानं तोंडातून झटकला होता आणि पोकळ असल्यामुळे तो वेलींवर तरंगत राहिला होता, डोंग्यातून येताना काकांच्या हाती लागला होता.

"सहा झाले," काका म्हणाले.

सिंधूकाकूंनी हातातली टोपली खाली ठेवली.

काकांनी कोरडा बेडूक उचलला आणि न विचारता विलासच्या हातावर ठेवला. ओला उचलला, त्याचे गळ बोटानं आत दाबले आणि आपल्या पानाच्या चंचीत टाकला. मग पेटी बंद करून माझ्याकडे दिली.

"तुह्ये चार," ते म्हणाले. "तोडाई झाली का येजो. चारच मोजीन."