माझ्या लेकीला कोळणीने बोलतं केलं

माझी मुलगी सात वर्षांची होईपर्यंत परक्या माणसासमोर एक शब्द बोलली नाही. पाहुण्यांनी नाव विचारलं की माझ्या पदरामागे. सगळं येत असूनही तोंडी परीक्षेत शून्य. मी काय करायचं बाकी ठेवलं? आरशासमोर कविता म्हणून घेतल्या, मानपाड्याच्या मैत्रिणीच्या मुलांत नेऊन सोडलं, चॉकलेटची लाच दिली, शेवटी एक धपाटाही. ढिम्म.

आणि तिला बोलतं केलं कोणी, तर खाडीकडून आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला येणाऱ्या कोळणीने. मी भांडं आणायला आत गेले की ती बांगड्याचा कल्ला उचलून पोरीला विचारायची, "सांग गो बाय, ताजा हाय का नाय?"

एकदा पोरगी पुटपुटली, "नाही." कोळणीने वाद न घालता तो बांगडा बाजूला टाकला. आमच्या घरात तिचं म्हणणं इतक्या सरळ कोणी ऐकलं नव्हतं. पुढच्या खेपेला आवाज वाढला. दोन-तीन महिन्यांत ती शेजारणींनाही मासे निवडून द्यायला लागली, शाळेत हात वर करायला लागली.

सगळे म्हणाले, छान झालं. मी मात्र जळत होते. माझी सात वर्षं पाण्यात, आणि हिचा एक बांगडा.

म्हणून एका रविवारी कोळीण दारात आली तेव्हा मी सांगून टाकलं, "यांनी तुळशीची माळ घातलीय. आता घरात मासे बंद."

"बरा," म्हणून ती वळली. तेवढ्यात मागून मुलगी आली.

"बाबांनी माळ नाही घातलीय. काल आपण बाजारातून पापलेट आणलेलं. आई, तू खोटं बोलतेयस."

खणखणीत आवाज. समोरचं दार उघडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोळीण माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "आईला असा बोलू नाय, बाय."

मुलीने लगेच मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मी सात वर्षं पाहिली होती.

"बोलू दे तिला," मी म्हणाले. "खरं तेच सांगतेय. पाटी उतरव."

डोक्यावरची पाटी उतरवायला कोणीतरी हात द्यावा लागतो. मी पुढे झाले, पण पोरगी आधीच पोचली होती. दोघींनी मिळून पाटी खाली ठेवली, आणि मी दारात उभी राहून पुन्हा जळले.