जसं लिहिलं तसं

माणिकराव गुरुजींसमोर इंग्रजी शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. ठाणाकुशनूरच्या एका लग्नात हैदराबादहून आलेला नवरदेवाचा मावसभाऊ माइक घेऊन इंग्रजीत बोलायला लागला, तर गुरुजी पंगतीतून हात वर करून उभे. तोंडात घास, बोटांना वरण, आणि सगळ्या मांडवादेखत त्या पोराला त्यांनी एक शब्द पुन्हा म्हणायला लावला. पोरगा चिडला, वऱ्हाडी गोरेमोरे झाले, आणि गुरुजी खाली बसून वाढप्याला म्हणाले, "हं, आता भात वाढ." अशा माणसाचं करायचं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि गंमत अशी की गुरुजी इंग्रजीचे मास्तर नव्हतेच. संतपूरकडच्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवली. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना इंग्रजीची फक्त अक्षरओळख होती. मग एकाएकी हे खूळ शिरलं. दारातल्या चिंचेला दाढीचा आरसा टांगून ते सकाळी ओठांचे चंबू करत, दात खालच्या ओठावर टेकवत, जीभ बाहेर काढत. मोबाइलमधल्या शब्दकोशात शब्दाशेजारी कर्ण्याचं चित्र असतं. ते दाबायचं, ऐकायचं, म्हणायचं, पुन्हा दाबायचं. औरादच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीला वाटलं, गुरुजींचं फोनवर कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललंय. तिनं उतरताना त्यांना सबुरीनं घ्यायला सांगितलं.

मी त्यांच्याकडे गेले ती नर्सिंगच्या प्रवेशासाठी. मुलाखत इंग्रजीत होणार होती, आणि आमच्या घरात इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची नक्षी. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरलेले; वडील आता तूर-सोयाबीन करतात. गुरुजींचा वर्ग संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर भरायचा, फुकट. पुस्तक आणलं की ते काढून घ्यायचे. "डोळ्यानं इंग्रजी शिकायलीस कामून? डोळं फसवतेत. कान उघड."

त्यांची रीत मी नंतर कुठेच पाहिली नाही. स्पेलिंग बाजूला ठेवायचं आणि आपल्या भागातल्या मराठी, कन्नड, उर्दू या तिन्ही भाषांतून आवाज गोळा करायचे. लिहायचा पेन म्हणताना 'ए' तोकडा पाहिजे, तर तो कन्नडातल्या 'एल्ली'तून, म्हणजे आपल्या 'कुठं'मधून, घ्यायचा. आपला मराठी 'फ' फुलासारखा फुटतो, तो चालत नाही. बाजारातले अत्तरवाले चाचा उर्दूत 'फुरसत' म्हणतात तेव्हा वारा जसा दातातून सरकतो, तो 'फ' उचलायचा. फळ्यावर एकच इंग्रजी शब्द कधी देवनागरीत, कधी कन्नडात, कधी उर्दूत लिहिलेला असे. "इंग्रजांकडं जायची गरज न्हाई," ते म्हणायचे, "बिदरच्या बाजारात सगळे आवाज मिळतेत." आणि न उच्चारायच्या अक्षरांबद्दल त्यांचं ठरलेलं होतं, "लग्नात काही सोयरे नुसते बसाया येतेत. त्यांला काम सांगायचं न्हाई." मला ते तेव्हा हसण्यावारी वाटायचं. पण मुलाखतीत माझी जीभ अडली नाही, आणि आज मी बिदरच्या एका दवाखान्यात नर्स आहे ती त्या ओसरीमुळे.

हे सगळं कशासाठी, ते मला काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, शेंगा फोडता फोडता सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा राजकुमार. गुरुजींनी त्याला हट्टानं मराठी शाळेत घातलं. इंग्रजीही घरी स्वतःच शिकवली, मराठीच्या मास्तरानं शिकवावी तशी. मराठीत जे लिहिलंय तेच म्हणायचं असतं. अक्षर दगा देत नाही. गुरुजींना वाटलं, सगळ्या भाषा अशाच. "जसं लिहिलं तसं वाच, अन् धीटपणानं वाच," हे त्यांनी पोराच्या मनावर बिंबवलं. पोरगं हुशार. कलबुर्गीला इंजिनिअरिंगला लागलं. पहिल्याच महिन्यात वर्गात उतारा वाचायला उभं केलं, आणि राजकुमारनं वडिलांनी सांगितल्याप्रमाणे छाती पुढं काढून, एकही अक्षर न गाळता, मोठ्यानं वाचलं. वर्ग हसला. मग सर हसले. मग पुढचे कित्येक दिवस वसतिगृहात पोरं त्याला त्याच्याच शब्दांनी हाका मारायची. दिवाळीला तो घरी आला तो परत गेलाच नाही.

वडिलांना त्यानं दोष दिला नाही, तोंड उघडून तरी नाही. बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात कामाला लागला आणि तिथंच राहिला. बारा खटपटी करून गुरुजींनी स्वतः उच्चार शिकायला घेतले ते त्याच्यासाठी. आपण शिकू, त्याला शिकवू, तो परत जाईल. राजकुमार सुट्टीला घरी येई तेव्हा वर्ग चालू असला तर मागच्या दारानं आत जाई. बापलेक म्हशीबद्दल बोलत, विहिरीबद्दल, पावसाबद्दल. इंग्रजीचं नाव नाही. तिथं एकही इंग्रजी शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. मोबाइललासुद्धा तो 'फोन' न म्हणता 'ते' म्हणायचा.

एकदा मात्र मी समोर होते. मुलं बसलेली, आणि राजकुमार पिशवी घेऊन फाटकातून आला. गुरुजी म्हणाले, "राजू, ये की. बस जरा." इतक्या हळू आवाजात गुरुजी कधी बोलत नसत. राजकुमार थांबला आणि म्हणाला, "तुमच्या शिकवण्यावर एकदा उभा राहिलोय की अप्पा." राग नव्हता आवाजात, तेच वाईट होतं. तो आत गेला. गुरुजींनी खडू उचलला, फळ्यावर काही लिहिलं नाही, आणि मुलांना लवकर घरी पाठवलं. त्या दिवशी मला त्यांची इतकी दया आली की मी पाया पडून निघाले, एरवी आम्ही कुणी पडत नव्हतो.

पुढं त्यांच्या ओसरीवरून पोरं-पोरी हैदराबादला गेली, पुण्याला गेली, एक तर विमानतळावर कामाला लागली. लोक गुरुजींना सांगायचे की तुम्ही किती लेकरांचं भलं केलंत. ते मान हलवायचे. नंतर विषय काढून विचारायचे, "कोळारला गेलता का कुणी? राजू दिसला का?"

मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. डोळे आधीच गेल्यात जमा होते, अंगावर सूज, बोलणं तुटक. पण सवय जाते का? डॉक्टर साहेबांचा एक शब्द त्यांनी खाटेवरून दुरुस्त केला. साहेब भले, हसून पुन्हा म्हणाले. राजकुमार गोदामातून रजा काढून आला होता. वडिलांचे पाय चेपायचा, डबा भरवायचा, पण बोलायचा फारसं काही नाही.

एके दिवशी दुपारी मी औषधं द्यायला गेले. औषधाच्या खोक्यातून घडी घातलेला तो बारीक अक्षरांचा कागद खाली पडला. गुरुजींना सळसळ ऐकू आली. काय लिहिलंय त्यावर, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वाचून दाखवते. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि हात खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेला, जिथं राजकुमार बसला होता.

"तू वाच."

राजकुमारचा चेहरा पडला. वॉर्ड भरलेला. शेजारच्या खाटेभोवती कॉलेजात जाणारी दोन पोरं उभी. त्यानं कागद घेतला, उलटा-सुलटा केला. मला वाटलं, आता हा उठून बाहेर जाणार. तो उठला खरा, पण तिथंच उभा राहिला. आणि वाचायला लागला. औषधाच्या कागदावरची इंग्रजी, आम्ही नर्सासुद्धा तिथं अडखळतो. त्यानं एकेक अक्षर उच्चारलं, नुसत्या बसायला आलेल्या सोयऱ्यांनाही कामाला लावत. ती दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली. राजकुमारनं ते पाहिलं, कान लाल झाले, पण तो थांबला नाही. उलट आवाज चढवला.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं गुरुजींच्या हाताखाली काढल्यावर चुकीचा शब्द कानात खुपतो. मी तोंड उघडणार तोच गुरुजींनी माझं मनगट धरलं. त्या सुजलेल्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. कागद संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. त्यांच्या बंद डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. शेवटी राजकुमार खाली बसला तेव्हा ते म्हणाले, "मागच्या बाजूलाबी असंल की. वाच."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तेराव्याला मी गावी गेले. जेवणं उरकल्यावर राजकुमार माझ्याशेजारी ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. मग त्यानं विचारलं, "अक्का, त्या दिवशी मी लई चुकलो का?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "लई चुकलास रे."

"मलाबी कळायलतं. अप्पांनी एकदाबी अडवलं न्हाई. त्यांनी तर डॉक्टरला सोडलं न्हाई. मला वाटलं, ऐकू येईना झालं असंल. न्हाई तर माझा नादच सोडला असंल."

मी त्याला मनगटाची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. त्याचं सगळं लक्ष तेव्हा कागदात होतं. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग त्यानं तेच मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांदेखत, अप्पा अप्पा म्हणत लहान लेकरासारखा रडला.