अप्पांच्या बारा कॅसेटी

गौलीगुड्याचं घर बिल्डरच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी सुरेशने वडिलांच्या व्हिडिओ कॅसेटी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकल्या. "बुरशी लागलीय सगळ्यांना. आता सीडीचा जमाना आहे," तो बहिणीला म्हणाला. त्रिवेणी नुकतीच शाळेत शिकवून आली होती. चप्पलही न काढता ती उलट पावली धावली. अफझलगंजच्या भंगार दुकानातून बाराच्या बारा कॅसेटी सोडवून आणल्या आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं.

तिचे अप्पा, भगवंतराव, वकील होते. सौदीहून परतलेल्या एका पक्षकाराकडून त्यांनी कॅमेरा घेतला आणि मरेपर्यंत घरातलं सगळं त्यात टिपलं.

भाड्याच्या खोलीत त्रिवेणी दर रविवारी कॅसेट उघडून बसायची. कोठी बाजारातल्या व्हिडिओवाल्याने दाखवलं होतं तसं फीत बोटाने हळूहळू फिरवत स्पिरिटने बुरशी पुसायची. साफ झालेली कॅसेट त्याच्याकडे नेऊन तिची सीडी करून घ्यायची.

सहा महिन्यांनी सगळं पाहून झालं. सुरेशची पदवी, सुरेशची स्कूटर, सुरेशचं लग्न, सुरेशचा मुलगा. तिचा कुठे नुसता हात, ताट पुढे करणारा. आणि कॅमेऱ्यामागून अप्पांचा आवाज, "त्रिवेणी, सरक ना गं. सुरेश दिसत नाहीये."

ती जेवली नाही त्या दिवशी.

पंधरवड्याने सुरेश दारात उभा राहिला. "पोराचा वाढदिवस आहे. हॉलमध्ये पडद्यावर लावायचंय. सीड्या तुझ्याकडे आहेत म्हणे."

तिने सगळ्या सीड्या पिशवीत भरून त्याच्या अंगावर जवळजवळ फेकल्याच. "ने. तुझंच आहे सगळं. पुन्हा या दारात येऊ नकोस."

"माझ्यावर कायकू राग? सरक म्हणणारे अप्पा होते."

"हो. आणि रिकाम्या जागेत येऊन उभा राहणारा तू होतास, दादा."

तो पिशवी घेऊन जिना उतरला. वाढदिवसाला ती गेली नाही.

पुढे कोठीचा व्हिडिओवाला गिऱ्हाइकांच्या बुरसलेल्या कॅसेटी तिच्याकडेच पाठवू लागला. परक्यांची बारशी, परक्यांची लग्नं. ती मन लावून पुसायची. त्या माणसांवर दात धरायचं तिला काही कारण नव्हतं.