फाटक्या पाकिटाची साक्ष

कोर्टात कुजबुज होती, की तो पिस्तूलवाला चोर म्हणजे कुलूपरावांच्या बायकोचा मामेभाऊ. म्हणून तर, म्हणे, कुलूपरावांनी साक्षीत त्याला वाचवलं. सांगणारे हे अगदी कानाशी लागून सांगत आणि वर म्हणत, "जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!"

कुलूपराव म्हणजे मुद्देमालाच्या खोलीचे कारकून. जप्त झालेल्या सुऱ्या, कोयते, पिस्तुलं, सगळ्यांना चिठ्ठ्या बांधून बावीस वर्षं सांभाळत आलेले. बायको त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, कोर्टात साक्षी टाइप करणारी टायपिस्ट. संसार नीट चालला होता, तेवढ्यात कुठून तो शस्त्रतज्ज्ञ कडमडला! महिन्यातून एकदा यायचा. परीटघडीचा शर्ट, भारदस्त आवाज. साक्षीत पिस्तूल खटकन उघडायचा, नळीत फुंकर मारायचा आणि अख्खं कोर्ट श्वास रोखून बघायचं.

"किती सफाईनं उघडतात हो!" बायको जेवताना म्हणाली.

"त्यात कसली सफाई? मी बावीस वर्षं तेच हाताळतोय."

"तुम्ही चिठ्ठ्या बांधता."

कुलूपराव अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकोला खाली बोलावलं, दार लावून घेतलं आणि चोराच्या पिस्तुलाचं पाकीट टरकन फाडलं. तज्ज्ञानं तपासून, लाखेवर आपली मोहोर उठवून परत पाठवलेलं पाकीट ते. पिस्तूल काही उघडेना. कुलूपराव घामाघूम, अंगठ्याचं सालटं निघालं.

"अहो, पुरे आता. त्या मोहोरेचं काय करणार?"

लाख कपाटात किलोभर होती. मोहोर मात्र तज्ज्ञाकडे.

आता चोराचं ऐका. घर फोडताना पिस्तूल त्याच्या कमरेला होतं, ते त्यानं बाहेर काढलंसुद्धा नव्हतं. पण कायद्याला तेवढं पुरतं. चोरीची तीन वर्षं वेगळी, आणि चोरी करताना चालू हत्यार जवळ ठेवल्याची वर पाच.

खटल्यात चोराच्या वकिलानं फाटकं पाकीट उंच धरलं. "हे कोणी उघडलं?" त्यानं साक्षीला उभ्या कुलूपरावांना विचारलं.

खरं सांगावं तर नोकरी जाणार. ठाऊक नाही म्हणावं तरी खोलीची किल्ली आपल्याच कमरेला. समोर तज्ज्ञ बसलेला. मघाशी बायकोनं त्याला पाण्याचा पेला नेऊन दिला होता, स्वतःच्या हातानं! नवऱ्याला या इमारतीत तिनं कधी पाणी विचारलं नव्हतं.

"आलं तेव्हाच उघडं होतं, साहेब," कुलूपराव म्हणाले. "यांच्याकडूनच."

साक्ष टाइप करणाऱ्या बायकोची बोटं थांबली.

"बाई, घ्या ना," न्यायाधीश म्हणाले.

तिनं टाइप केलं.

पाकीट उघडंच आलं म्हटल्यावर हे पिस्तूल चोराकडचंच, याची खात्री उरली नाही. चोराची वरची पाच वर्षं गळाली. तज्ज्ञाची चौकशी लागली आणि महिन्याच्या आत त्याची दूर कुठेतरी बदली झाली.

"झालं समाधान?" घरी बायकोनं विचारलं.

"तू पाणी का दिलंस त्याला?"

"ठसका लागला होता त्यांना."

त्यानंतर ती जेवताना कोर्टाबद्दल अवाक्षर काढेनाशी झाली. कुलूपराव विचारत, ती ताटात बघे.

चोर तिचा मामेभाऊ नव्हता, कोणीच नव्हता. पाकीट कुलूपरावांनी फाडलं होतं आणि तज्ज्ञाबद्दलच्या मत्सरापोटी ते खोटं बोलले.